पाला खूप, घड कुठे?

वाचन: २ पेत्र १:५-९, योहान १५:१-८



आजच्या वचनाविषयी लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो. कारण सांगतो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये शब्बाथ शाळेत मी हाच भाग शिकवत होतो. विश्वासापासून सुरू होऊन प्रीतीपर्यंत पोहोचणारी पेत्राची आठ पायऱ्यांची यादी. फळ्यावर जिना काढला, मुलांकडून पायऱ्या पाठ करून घेतल्या. सातव्या पायरीवर, म्हणजे बंधुप्रेमावर आलो तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"काका, बंधुप्रेम म्हणजे सख्ख्या भावावरचं पण का?"

मी म्हणालो, "इथे बंधू म्हणजे मंडळीतले सगळे विश्वासणारे."

"म्हणजे सख्खा भाऊ त्यात येत नाही?"

वर्ग हसला. सकाळीच तिचं भावाशी भांडण झालं होतं आणि तो मागच्या बाकावर बसलेला होता. मीही हसलो, "येतो, येतो, तोही येतो" असं म्हणून आठव्या पायरीवर गेलो. पण त्या रविवारी दुपारी मला जेवण गेलं नाही. माझ्या सख्ख्या भावाशी मी बोललो नव्हतो त्याला तेव्हा चार वर्षं होत आली होती.

भांडण घराचं होतं. वडील प्रभूकडे गेले, नगर जिल्ह्यातलं गावचं घर मागे राहिलं. दादा शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिला, मी नाशिकला. स्मरणार्थ भक्ती झाली, पाहुणे चहा पीत बसले होते, आणि वाटणीचा विषय निघाला. घर आपल्याकडे राहावं असं दादा म्हणाला. मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "तू बापाची सेवा घरासाठीच केलीस." वाक्य एवढंच. पण वडिलांची अंथरुणं त्याने आणि वहिनीने धुतली होती, रात्री उठून त्यांना कुशीवर वळवलं होतं, हे मला माहीत होतं. माहीत असताना बोललो. रागाच्या भरात तोंडून खोटं निघालं असं म्हणून मी स्वतःची समजूत घालत असे. खरं म्हणजे ते नेमकं जिथे लागायचं तिथे लागावं म्हणूनच निवडलेलं खोटं होतं.

आणि त्याच वर्षी मी पंच कमिटीच्या निवडणुकीला उभा राहिलो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

सेक्रेटरी झालो. रविवारी उपासनेच्या आधी शब्बाथ शाळा, बुधवारी घरप्रार्थना, शुक्रवारी उपवास-प्रार्थना, महिन्यातून एकदा आजाऱ्यांच्या भेटी. कापणीच्या सणाला आलेल्या भाजीपाल्याचा, कोंबड्यांचा लिलाव मीच पुकारायचो. नाताळच्या गाण्यांच्या टोळीबरोबर रात्री एक-एक वाजेपर्यंत फिरायचो. पाळकसाहेब भर मंडळीत म्हणाले होते की असे चार माणसं मिळाली तर मंडळीचं रूप पालटेल. ते ऐकून मान खाली घातली होती, पण मनातून सुखावलो होतो. खोटं कशाला बोलू?

आता पेत्राकडे या. तो म्हणतो की ही यादी तुमच्यात असेल आणि वाढत असेल, तर प्रभूच्या ओळखीत तुम्ही आळशीही राहणार नाही आणि निष्फळही राहणार नाही. ही दोन वेगवेगळी दूषणं आहेत. मी इतकी वर्षं ती एकच समजून वाचत होतो. जो आळशी नाही तो आपोआप फलद्रूप, असा माझा हिशेब. पण पेत्र दोन शब्द घालतो, आणि दोन शब्द घातले की तिसरीही एक शक्यता उभी राहते: माणूस अजिबात आळशी नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत मंडळीच्या कामात आहे, आणि तरी निष्फळ आहे.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका द्राक्षबागेत कळलं.

मी सकाळी फिरायला जातो त्या रस्त्याला एक बाग आहे. बागवाले आप्पा आपल्या मंडळीचे नाहीत, त्यांनी योहानाचं शुभवर्तमान वाचलेलंही नाही. पण पंधराव्या अध्यायावर मी ऐकलेल्या कितीतरी संदेशांपेक्षा त्यांच्या बांधावर उभं राहून मला जास्त समजलं. आपल्याकडे नाशिकला द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात, हे इथल्या वाचकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी. सगळी काडी काढून टाकतात, ऐन उन्हात मांडव उघडाबोडका दिसतो. मग वेल नव्याने फुटते, नवी काडी तयार होते. पुढे ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजे फळाची. त्यानंतर घड दिसायला लागतात. (प्रभूच्या देशात थंडीत वेल झोपी जाते, तिथे अशी दुहेरी छाटणी नाही. म्हणून मी आप्पांची बाग योहानाच्या अध्यायावर तंतोतंत बसवणार नाही. पण पुढचं ऐका.)

मी आप्पांना विचारलं होतं, "घड ऑक्टोबरनंतर येतो ना?"

ते म्हणाले, "दिसतो ऑक्टोबरनंतर. ठरतो आत्ता."

खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात नव्या काडीच्या डोळ्यात आतल्या आत बारीक घड तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. डोळा तोच, काडी तीच. या दिवसांत काडीला ऊन मिळालं पाहिजे, आणि वेलीने नुसतं वाढत सुटता कामा नये. म्हणून शेतकरी फेलफुटी काढतात, शेंडा मारतात, पाणी बेताने देतात. याच दिवसांत नत्र जास्त झालं, पाऊस लागून राहिला, पाल्याची गर्दी झाली, की सगळा जोर शेंड्याकडे जातो, आत सावली पडते आणि डोळ्यात घड धरतच नाही. धरलाच तर जिरतो. मग ऑक्टोबरात छाटलं की घडाच्या जागी नुसती बाळी निघते, तारेला वेटोळं घालणारी.

आप्पांच्या खालच्या अंगाच्या तुकड्यात गेल्या वर्षी हेच झालं. जूनमध्ये तो तुकडा सगळ्यात हिरवागार होता. मीच एकदा म्हणालो होतो, "आप्पा, काय बाग आहे!" ते काहीच बोलले नव्हते. सप्टेंबरअखेर त्यांनी काड्या तपासायला पाठवल्या. तिथे डोळे कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. वरच्या तुकड्याचे डोळे चांगले निघाले. खालच्या तुकड्याचे बरेचसे रिकामे. आप्पा कागद दाखवत म्हणाले, "बघा तुमची काय बाग आहे ती. पाला विकता येत नाही साहेब."

मी घरी आलो तो तो कागद डोक्यात घेऊनच आलो. माझी काडी कापून कोणी बघितली तर? बाहेरून सगळी हिरवीगार वाढ आणि सातव्या डोळ्यात काहीच नाही.

इथे कोणी म्हणेल, आणि मीही स्वतःशी म्हणालो, की हा स्वतःवर अन्याय आहे. त्या चार वर्षांत माझ्या हातून काहीच चांगलं झालं नाही का? टाळेबंदीच्या दिवसांत आम्ही घरोघर धान्य पोचवलं, ते खरंच लोकांच्या पोटात गेलं. मुलांनी वचनं पाठ केली, ती त्यांच्याजवळ राहतील. एका आजारी बाईंच्या उशाशी आम्ही शेवटची प्रार्थना केली, तिला शांती वाटली. हे फळ नाही तर काय आहे?

या प्रश्नाला मी बरेच दिवस अडून होतो. शेवटी करिंथकरांच्या पहिल्या पत्रातल्या तेराव्या अध्यायाने वाट दाखवली. तिसऱ्या वचनात पौल म्हणतो की सगळी मालमत्ता गरिबांच्या अन्नासाठी देऊन टाकली, पण प्रीती नसेल, तर मला काही लाभ नाही. नीट बघा, तो "मला" म्हणतो. त्या अन्नाने भुकेल्यांचं पोट भरलं नाही असं तो म्हणत नाही. फिलिप्पैकरांच्या पहिल्या अध्यायात तर हेव्याने ख्रिस्ताची घोषणा करणाऱ्यांबद्दलसुद्धा तो म्हणतो की कशीही असो, घोषणा होते आहे ना, मला आनंद आहे. म्हणजे देव वाकड्या काठीनेही काम करून घेतो. धान्य खरं होतं, आजारी बाईंची शांती खरी होती. त्याचं श्रेय देवाच्या दयेला. पण त्यावरून काठी सरळ आहे असं ठरत नाही. मी इतकी वर्षं हीच गल्लत करत होतो. माझ्या हातून दुसऱ्याला जे मिळालं ते मी माझ्या खात्यावर फळ म्हणून मांडत होतो.

योहानाच्या पंधराव्या अध्यायातलं फळ फाट्यावर येतं. फाटा ते बाहेरून आणून वाटत नाही. ते त्याच्यात तयार होतं, आणि वेलीचा रस त्याच्यात असतो तोवरच.

बरं, मग उलट टोकाला जायचं का? असेही विश्वासणारे मी बघितले आहेत. आधी माझं अंतःकरण शुद्ध होऊ दे, मग सेवेला येईन, असं म्हणत म्हणत पंधरा वर्षं मागच्या बाकावर बसलेले. त्यांच्यासाठी पेत्राचा पहिला शब्द आहे. यहेज्केलाच्या पंधराव्या अध्यायात देव विचारतो की द्राक्षवेलीच्या लाकडाचा उपयोग तरी काय, त्याची साधी खुंटीसुद्धा करता येत नाही. बाभळीचं लाकूड वाळलं तरी कामाला येतं. वेल फळासाठीच आहे, फळ नसेल तर जळणालाच. बसून राहणाऱ्याला आणि धावत सुटणाऱ्याला दोघांनाही हे लागू आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण अशा वेळी मला फार धीर देतं. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना शिकवलं, विरोध सोसला. आणि १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळून आलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता. एवढं काम उभं केलेली बाई हे लिहिते! त्यांना ते कबूल करायला लाज वाटली नाही. आणि ते कळल्यावर त्यांनी काम सोडलं नाही. पुढे केडगावला मुक्तीत दुष्काळातल्या मुली आल्या, मराठीत बायबलचं भाषांतर झालं. काम आधीही होतं, नंतरही होतं. मधे काय बदललं ते बाहेरून मोजता येणार नाही.

माझ्याकडे वळतो. मला दोष कळला तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल? सकाळची प्रार्थना अर्ध्या तासाची तासावर नेली. वाटलं, प्रभु म्हणतो ना माझ्यामध्ये राहा, तर राहू या. महिनाभर केलं. आणि तोही एक पालाच झाला! घड्याळ लावून केलेली आणखी एक सेवा. रोज प्रभूची प्रार्थना म्हणताना ऋण सोडण्याचं वाक्य आलं की माझा वेग वाढायचा. तेवढं एक वाक्य मी भरभर म्हणून टाकायचो. बायकोने एकदा विचारलं, "तिथे काय गाडी चुकते का तुमची?"

पुन्हा योहान उघडला. राहा, राहा, हा शब्द तिथे पुन्हा पुन्हा येतो, पण प्रभु लगेच सांगतो की माझ्या प्रीतीत राहा, आणि बाराव्या वचनात आज्ञा काय तर एकमेकांवर प्रीती करा. म्हणजे वेलीत राहण्याची वाट भावाच्या दारावरूनच जाते. ती वाट चुकवून मी तास-तास गुडघ्यावर बसलो तरी राहत नव्हतो, नुसता थांबलो होतो.

दुसऱ्यांदा काय केलं, तर पंच कमिटीचा राजीनामा लिहिला. छाटणी म्हणजे हीच, असं वाटलं. बायकोने तो वाचला आणि म्हणाली, "जे सोडायला सोपं तेच सोडताय तुम्ही." मी म्हणालो, सोपं कसं, चार वर्षं रक्त आटवलंय. ती म्हणाली, "ते सोडा किंवा ठेवा. दादांना जे बोललात ते कधी सोडणार?"

योहानाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वचनांत मूळ ग्रीक भाषेत फाटा छाटून साफ करणं आणि शिष्यांचं शुद्ध असणं यांसाठी एकाच मुळातले शब्द आहेत. कात्री कुठे लावायची हे फाटा ठरवत नाही. मी माझ्या सोयीची जागा दाखवत होतो, माळ्याचा हात भलतीकडेच होता.

ऑक्टोबरात, आप्पांकडे छाटणीची माणसं आली त्याच आठवड्यात, मी दादाला फोन केला. वहिनींनी उचलला, तो घरात नाही म्हणाल्या. मागे त्याचा आवाज ऐकू येत होता. दोन दिवसांनी परत केला, तेच. तेव्हा रविवारी जायचं ठरवलं. त्या रविवारी शास्त्रपाठ माझ्याकडे होता आणि चार वर्षांत मी एकदाही चुकवला नव्हता. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभु सांगतो की वेदीजवळ भावाची आठवण झाली तर दान तिथेच ठेव आणि आधी जा. मंडळीत मी हे कितीदा तरी मोठ्याने वाचलं असेल. दुसऱ्या एका भावाला शास्त्रपाठ वाचायला सांगितला आणि पहाटेची एसटी धरली.

दादा अंगणात खाट विणत बसला होता. म्हातारा दिसला. मला बघून उठला नाही, "ये, बस" म्हणाला. मी वाटेत बरंच काही ठरवून आलो होतो, वचनंसुद्धा काढून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हणालो, "दादा, मी त्या दिवशी बोललो ते खोटं होतं. मला तेव्हाही माहीत होतं. मला क्षमा कर."

तो बराच वेळ पट्टी ओढत राहिला. मग म्हणाला, "ते वाक्य मी अजून विसरलो नाही."

मी म्हणालो, "विसरू नको. माझं तेवढं ऐकलंस तरी झालं."

त्याने काही उत्तर दिलं नाही. मला वाटलं होतं गळ्यात पडू, रडू. तसं काही झालं नाही. वहिनी चहा घेऊन आल्या, कप ठेवताना माझ्याकडे बघितलं नाही. मी निघायला उठलो तेव्हा दादा म्हणाला, "जेवून जा." जेवताना आम्ही पावसाबद्दल बोललो.

परतीच्या एसटीत मला पेत्राचं नववं वचन आठवलं, यादीनंतर लगेच येणारं, जे मुलांकडून मी कधी पाठ करून घेतलं नव्हतं. ज्याच्याजवळ या गोष्टी नाहीत तो आंधळा आहे, आपल्या पूर्वीच्या पापांपासून आपण शुद्ध झालो हे तो विसरला आहे. माझ्या रोगाचं नाव तिथे लिहिलेलं होतं. मी काम कमी करत नव्हतो, विश्वास सोडला नव्हता. मी विसरलो होतो. मला कितीची क्षमा झाली आहे याचा आकडाच विसरलो होतो, म्हणून भावाकडे अर्ध्या घराचा हिशेब मागत बसलो.

राजीनामा मी दिला नाही. शब्बाथ शाळा सुरू आहे. बुधवारची घरप्रार्थना मात्र एका तरुण जोडप्याकडे सोपवली आहे, आणि ते माझ्यापेक्षा चांगली चालवतात हे बघून पहिले काही आठवडे मला जरा वाईट वाटलं. तेवढा शेंडा अजून मारायचा आहे.

नाताळच्या दिवशी दादाचा फोन आला. दोन मिनिटांचा. वहिनी अजून बोलत नाहीत. घराचा विषय आम्ही दोघांनीही काढलेला नाही. या आठवड्यात, पुनरुत्थानाचा सण झाल्यावर, मी पुन्हा गावाला जाणार आहे आणि या वेळी मीच काढणार आहे. माझ्या वाट्याचा हक्क सोडल्याचा कागद करायचा की नाही यावर घरात अजून एकमत नाही. मुलांचंही त्यात काहीतरी आहे असं बायको म्हणते, आणि तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. तुम्ही हे वाचत असाल तर आमच्या दोन्ही घरांसाठी प्रार्थना करा.

आज सकाळी आप्पांच्या बागेत पुन्हा खरड छाटणी सुरू झाली. मांडवाखाली काड्यांचा खच पडलाय. वरचा-खालचा दोन्ही तुकडे सारखेच उघडे दिसतात.

प्रार्थना: हे प्रभु, वहिनींच्या मनाला मी दिलेली जखम तू बघतोस. मी गावाला जाईन तेव्हा माझ्या जिभेवर पहारा ठेव. दादाच्या शेतीवर आणि त्याच्या गुडघेदुखीवर तुझा हात असू दे. आमच्या वडिलांचं घर तुझ्या हाती देतो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.